जेवढी बोट मोठी, तेवढी बंदरं कमी

(पोस्ट मोठी आहे. आधी चहा ठेवा.)

गेल्या रविवारी कॅनॉटला आमचे सिडकोतले एक शेजारी भेटले. मोबाइल पुढे करून म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासवाले, तुम्हीच सांगा. मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग करायचंय. पण मुलगा म्हणतो, ही बोट छोटी आहे, आणखी दोन वर्षं पैसे साठवू आणि परदेशातल्या मोठ्या बोटीवर जाऊ. वीस मजली, आत वॉटरपार्क. मोठी म्हणजे जास्त मजा ना?"

मी हसलो. ज्या गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथल्या माणसाने सात पोहण्याचे तलाव असलेल्या जहाजाची स्वप्नं बघावीत यात गैर काहीच नाही. उलट साहजिकच आहे. पण प्रश्न डोक्यात राहिला. आपलं शहर समुद्रापासून लांब असलं तरी समुद्राशी नातं नाही असं नाही. खडकी वसवणारा मलिक अंबर हबशाच्या देशातून समुद्र ओलांडूनच दख्खनेत आला होता. तेव्हा आपणही बोलायला हरकत नाही.

आधी एक समज काढून टाकू. जहाज "इतक्या टनांचं" म्हणतात तेव्हा ते वजन नसतं. प्रवासी जहाजाचा टन म्हणजे आतली बंदिस्त जागा. जुन्या हिशेबाने शंभर घनफूट म्हणजे एक टन. 1912 ची टायटॅनिक साधारण 46 हजार टनांची. मुंबईहून 2021 पासून सुटणारी कॉर्डेलियाची एम्प्रेस साडेअठ्ठेचाळीस हजारांची. म्हणजे शेजाऱ्यांचा मुलगा ज्या बोटीला "छोटी" म्हणतोय, ती टायटॅनिकपेक्षा किंचित मोठीच आहे! ती बांधली 1990 साली, अमेरिकेतल्या तीन-चार दिवसांच्या सहलींसाठी. आणि 2024 च्या जानेवारीत निघालेली आयकॉन ऑफ द सीज? जवळपास 2 लाख 49 हजार टन, 365 मीटर लांब, वीस डेक, पूर्ण भरली तर साडेसात हजारांवर प्रवासी आणि वर दोन हजार तीनशेहून जास्त कर्मचारी. एक मोठं खेडं पाण्यावर निघालंय असं समजा.

मोठ्या जहाजाची हौस मात्र आजची नाही. आणि तिची पहिली गोष्ट थेट मुंबईपर्यंत येते.

इझंबार्ड ब्रुनेल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ग्रेट ईस्टर्न बांधलं, 1858 साली ते पाण्यात उतरलं. लांबी 211 मीटर, चार हजार प्रवासी नेण्याची सोय. त्या काळी त्याच्या जवळपास जाणारं दुसरं जहाज नव्हतं. कल्पना अशी की वाटेत कुठेही कोळसा न भरता थेट हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया गाठायचं. प्रत्यक्षात ते धाडलं न्यूयॉर्कला, 1860 मध्ये, आणि त्या पहिल्या फेरीला पैसे भरून बसलेले प्रवासी किती? पस्तीस. खलाशी आणि नोकरचाकर चारशेच्या वर. मालक एकामागून एक बुडाले. शेवटी त्याच्या अवाढव्य पोटाचा खरा उपयोग सापडला तो समुद्राखालून तारेची केबल टाकायला. 1870 साली ग्रेट ईस्टर्न मुंबईला आलं ते हेच काम करायला, मुंबई ते एडन केबल टाकायला. ज्या हिंदुस्थानच्या प्रवाशांसाठी ते बांधलं, त्यांतला एकही त्यात नव्हता. आणखी गंमत बघा, 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला होता, पण हे धूड त्यात मावत नव्हतं. त्याला आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं.

हे मावत नव्हतं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मोठं म्हणजे सुरक्षित हाही समज तितकाच जुना. आपल्या गावाचं जुनं नाव ज्याच्यावरून पडलं त्या बादशहाचं गंज-ए-सवाई हे सुरत बंदरातलं सर्वांत मोठं जहाज. (नावावरून कमेंटमध्ये भांडू नका, विषय जहाजाचा आहे.) खाफीखानाने लिहून ठेवलंय की त्यावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या, शिवाय बावन्न लाखांचं सोनं-चांदी आणि हजहून परतणारे यात्रेकरू. 1695 च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने त्याच्याहून लहान जहाजाने ते गाठलं. गंज-ए-सवाईवरचीच एक तोफ फुटली, माणसं मेली, डोलकाठी कोसळली आणि पुढचे काही दिवस त्या यात्रेकरूंवर जे अत्याचार झाले ते वाचवत नाही. सगळं एकाच पोटात भरलेलं जहाज हे चाच्याला आमंत्रणच होतं.

आता आपल्या किनाऱ्यावर येतो. कारण मोठ्या-छोट्याचा खरा हिशेब मला कोकणच्या बोटीत दिसतो.

कोकणात रेल्वे पूर्ण झाली 1998 मध्ये. त्याआधी शंभरेक वर्षं कोकणी माणूस मुंबईला गेला-आला तो आगबोटीने. ती सहल नव्हती, एसटीसारखी सोय होती. भाऊच्या धक्क्यावरून निघायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं करत पणजी. बऱ्याच ठिकाणी बोट बाहेर नांगर टाकायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि माणसं, ट्रंका, फणस, म्हाताऱ्या आज्या सगळं हातोहात उतरवलं जायचं. पावसाळ्यात सेवा बंद. 1964 नंतर चौगुले कंपनीने आणि 1973 नंतर सरकारी मोगल लाइनने ही सेवा चालवली, कोकण सेवक आणि कोकण शक्ती ही त्यांतल्या बोटींची नावं घरोघरी माहीत होती.

मी एकदा बसलोय त्यात. 1981 चा मे महिना. मामाची बँकेतली बदली पणजीला झाली होती. इथून मनमाडपर्यंत मीटरगेज, तिथे गाडी बदलून मुंबई, मग धक्का. डेकचं तिकीट, म्हणजे वळकटी पसरायची आणि शेजाऱ्याच्या पायाशी डोकं ठेवून झोपायचं. आईला रात्रभर मळमळत होतं, लिंबू हुंगत बसली होती. संडासाबद्दल लिहीत नाही. या बोटी किती छान होत्या वगैरे रंगवणाऱ्या लेखांचा मला राग येतो, त्यांनी डेकवर एक रात्र काढलेली नसते. पण एक दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. रात्री कधीतरी बोट थांबली, खाली काळोखात कंदील हलत होते, आणि कोणीतरी खालून मोठ्याने एका माणसाचं नाव घेऊन विचारत होतं, आलाय का? वरून कोणीतरी म्हणालं, आलाय, आलाय.

आणि लहान बोटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 17 जुलै 1947, अवसेचा दिवस. रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली. भर पावसाळा. मोठी लाट आली, लोक घाबरून एका बाजूला धावले, बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबईपासून काही मैलांवर हे घडलं आणि मुंबईला कळायला तास गेले. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या घातल्या म्हणून जे वाचले ते वाचले. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता, त्या गडबडीत ही माणसं विस्मरणात गेली. तेव्हा लहान ते गोड असं मी म्हणणार नाही. मोठ्या जहाजाला लाट कमी जाणवते, डोलणं रोखायला यंत्रं असतात, दवाखाना असतो. मात्र 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याला अगदी लागून एक लाख चौदा हजार टनांची कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, तेव्हा चार हजार दोनशे माणसं उतरवायला सहा तासांहून जास्त लागले आणि 32 जण गेले. आणि 2020 च्या फेब्रुवारीत डायमंड प्रिन्सेसवर एक प्रवासी आजारी निघाला, बघता बघता 3,711 जणांपैकी सातशेवर माणसांना कोरोना झाला. मोठेपणाने जुने धोके कमी होतात आणि नवे तयार होतात, इतकंच.

मग कंपन्या जहाजं मोठी का करतात? साधं आहे. कॅप्टन एकच लागतो. इंधन, इंजिन, बंदराचा खर्च जास्त डोक्यांवर वाटला की माणशी खर्च उतरतो. म्हणून तर एकेकाळी फक्त श्रीमंतांचा असलेला हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. 1900 साली जर्मनांनी खास सहलीसाठीच बांधलेलं पहिलं जहाज, प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईज, जेमतेम साडेचार हजार टनांचं होतं आणि त्यात सगळे फर्स्ट क्लास. आपल्यासारख्यांना धक्क्यावरून हात हलवायचीच परवानगी. हे मोठ्या जहाजाचं खरं श्रेय आहे, ते नाकारू नये. आतली जागाही माणशी कमी झालेली नाही, वाढली आहे. 1970 च्या साँग ऑफ नॉर्वेवर माणशी पंचवीसेक टन जागा होती, आयकॉनवर खोलीत दोघं धरले तर चव्वेचाळीस.

पण तिकीट स्वस्त केलं की कमाई आतून काढावी लागते. दारू, कॅसिनो, वायफाय, वेगळी हॉटेलं. प्रवासी किनाऱ्यावर उतरला की त्याचा पैसाही उतरतो. म्हणून किनाराच जहाजात आणायचा. रस्ते, बाग, बर्फाचं मैदान, सगळं आत. आणि जिथे उतरवायचं ते बेटही कंपनीच्याच ताब्यातलं, जसं बहामात कोकोके. जहाज इतकं मोठं होतं की शेवटी ते कुठे जातंय याला अर्थ उरत नाही.

इथे ग्रेट ईस्टर्नचं मावत नव्हतं परत येतं. व्हेनिसने 1 ऑगस्ट 2021 पासून पंचवीस हजार टनांवरची जहाजं शहराच्या मुख्य कालव्यातून बंद केली. आपल्याकडे बंदी घालायची गरजच नाही. मुंबईहून निघालेलं क्रूझ जहाज विजयदुर्गला थांबू शकत नाही, मालवणला नाही, हर्णैला तर नाहीच. शाळेत आपण 720 किलोमीटरचा किनारा पाठ केला, त्यावरची ती सगळी बंदरं ते रात्रीच्या अंधारात मागे टाकतं. पूर्वी एका फेरीत डझनभर गावांना माणसं, पैसा, निरोप पोचायचे. आता हजार-दीड हजार प्रवासी कोकणावरून जातात आणि कोकणात एक नारळही विकला जात नाही. 2018 मध्ये आंग्रिया सुरू झाली होती, साधारण चारशे प्रवाशांची, कान्होजींच्या नावाची. जरा आशा वाटली होती. पण तीही मुंबई-गोवाच करायची आणि कोरोनात जी थांबली ती थांबलीच.

सरकारने 2024 च्या सप्टेंबरात क्रूझ भारत मिशन काढलं, क्रूझ प्रवासी पाच वर्षांत दुप्पट करायचे. बॅलार्ड पिअरला मोठं टर्मिनल झालं. झालं ते चांगलंच. माझी तक्रार एवढीच की त्याच उत्साहाने दोन-तीनशे माणसांची, दिवसा चालणारी, सहा बंदरं घेणारी बोट कोणी मागत नाही. तिचं उद्घाटन दिसायला भव्य नसतं ना.

आणि हे फक्त समुद्राचं नाही बरं का. आपल्या अजिंठ्याचं बघा. जपानच्या कर्जातून केवढं मोठं व्हिजिटर सेंटर उभं केलं, 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृतींसह. वीजपाण्याची बिलं थकून त्याला टाळं लागल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. तिकडे खऱ्या लेण्यात एका वेळी चाळीस माणसं, कारण श्वासाच्या दमटपणाने रंग जातो. लेणं मोठं करता येत नाही. पद्मपाणीसमोर मिळतात ती दहा-पंधरा मिनिटं. पण बाहेरगावचे पाहुणे परत जाऊन बोलतात ते त्याच मिनिटांबद्दल.

असो. शेजाऱ्यांना मी काय सांगितलं? मोठ्या बोटीसाठी थांबू नका, हीच घ्या. त्यांच्या वडिलांचे गुडघे गेलेत, त्यांना अजिंठ्याच्या पायऱ्या होत नाहीत. लिफ्ट आहे, जेवण हाताशी आहे, सामान एकदाच उघडायचं. त्या म्हाताऱ्याने आयुष्यात समुद्र दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा चौपाटीवरून. त्याच्यासाठी ही बोट वाईट नाही. फक्त म्हटलं, रात्री सगळे नाचगाण्याला गेले की त्यांना अर्धा तास डेकवर न्या. गोव्याकडे जाताना डाव्या हाताचा कठडा धरून उभे राहा. हवा स्वच्छ असेल तर लांबवर दीपगृहाचा उजेड मिचकावताना दिसेल. तो कोकणचा किनारा.

शेजारी जरा विचारात पडले. मग म्हणाले, "सर, डेकवर नेटवर्क असतं का?"