पालवणकर बाळू यांची गोलंदाजी

क्रिकेटच्या इतिहासात धावांचे आणि बळींचे हिशेब विपुल सापडतात. परंतु चेंडू हातातून सुटण्यापूर्वी गोलंदाजाचे शरीर कसे उभे होते, याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. वस्तुतः सारे रहस्य तेथेच असते. पालवणकर बाळू यांच्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले; पण त्या लेखनात जातीचा अन्याय जितका ठसठशीत दिसतो, तितकी त्यांची कला दिसत नाही. कलेचा विचार केल्यावाचून त्या अन्यायाचे खरे मापही हाती लागावयाचे नाही, असे मला वाटते.

प्रारंभी इंग्लंडात चेंडू कमरेखालून टाकीत. हात खांद्याच्या उंचीपर्यंत नेण्याची मुभा १८३५ साली मिळाली व खांद्यावरून टाकण्याची १८६४ साली. म्हणजे बाळू १८७६ साली धारवाडास जन्मले, तेव्हा आजची रीत नियमात येऊन अवघी बारा वर्षे झाली होती. या बदलाने मनगटाचे काम सर्व शरीराकडे आले. डावखुऱ्या संथ गोलंदाजाने उजवा खांदा फलंदाजाकडे रोखावा, उजवा हात उंच धरून त्याच्या आडून नजर टप्प्यावर ठेवावी, मागचे पाऊल क्रीजला समांतर टेकावे, आणि मग पुढच्या पायावर भार घेत कंबर व खांदा एकामागून एक फिरू द्यावे. छाती अकाली उघडली तर चेंडू पायाकडे घसरतो, बोटांनी दिलेली फिरकीही वाया जाते. आणि सर्वांत वाईट म्हणजे राहिलेले काम एकट्या खांद्यास करावे लागते.

बर्फावर घोटीव ग्रॅनाइटचा दगड सरकविण्याचा कर्लिंग नावाचा स्कॉटिश खेळ आहे. त्याचा आपल्या मातीशी काडीचा संबंध नाही. तरी त्यातील गुरूही हाच पाठ देतात. सुमारे वीस किलोंचा तो दगड हाताने ढकलावयाचा नसून पायाच्या रेट्याने साऱ्या शरीराने न्यावयाचा असतो. दगडामागील शरीर लक्ष्याच्या रेषेतून ढळले, की दगडही ढळलाच. आमच्या मुदखेड-नांदेडकडे फिरकी शिकणाऱ्या मुलास 'हाताने नको, अंगाने टाक' असे जे सांगतात, ते याहून निराळे नव्हे.

बाळूंस असे सांगणारा कोणी होता काय? त्यांचे वडील सैन्यात होते, व मुलांचे बालपण पुण्यास लष्कराच्या आसपास गेले. चर्मकार कुटुंबातील हा मुलगा प्रथम पारशांच्या क्लबात दरमहा तीन रुपयांवर खेळपट्टी झाडीत असे. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला. रूळ फिरविणे, रेघा आखणे, सरावाची जाळी उभारणे हे त्याचे काम. तेथे जे. जी. ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानात येत आणि बाळूंस चेंडू टाकावयास लावीत. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. महिनेच्या महिने, तासन् तास, एका उत्तम उजव्या फलंदाजास चेंडू टाकणे ही शाळा मात्र खरी होती. त्या शाळेत बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकराची! म्हणून या अन्यायाचे आभार मानावेत असे मुळीच नाही. अशा दुसऱ्या किती मुलांच्या हाती शेवटपर्यंत झाडूच राहिला असेल, हे कोण सांगणार?

त्यांच्या गोलंदाजीचे चलच्चित्र आज पाहावयास मिळत नाही. परंतु समकालीन जाणकारांनी त्यांची सहज लय, दोन्ही बाजूंस वळणारा चेंडू आणि न थकता टाकण्याची शक्ती यांची वाखाणणी केली आहे. यांतील तिसरा गुण मला सर्वांत बोलका वाटतो. ज्याचे अंग रेषेत नाही, त्याचा खांदा थोड्याच वेळात तक्रार करू लागतो. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या संघाने तेवीस सामन्यांपैकी पंधरा गमावले. बाळूंनी मात्र त्याच दौऱ्यात सरासरी १८.८४ धावांना एक, असे ११४ बळी घेतले. वय पस्तिशीचे, हवा थंड, मैदाने परकी. इतके काम केवळ मनगटाच्या हुन्नराने होत नसते.

पुण्याच्या हिंदूंनी त्यांस संघात घेतले तेही वादानंतरच. चेंडू चामड्याचा, तो बाळूंच्या हातून सुटून ब्राह्मण क्षेत्ररक्षकाच्या हाती जाई व पुन्हा बाळूंकडे येई, त्यात कोणास विटाळ दिसला नाही. चहाची वेळ होताच मात्र इतरांचे चिनी मातीचे पेले मंडपात, आणि बाळूंचा मातीचा, टाकून देण्याचा पेला मंडपाबाहेर! १९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा विजयी संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. विजयानंतर पुष्कळ बंधने सैल झाली. कर्णधारपदाचे बंधन तेवढे टिकून राहिले.

१९२० साली बाळूंस संघातून वगळले, आणि धाकटे बंधू विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील हक्क डावलला गेला. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. मग तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. पूर्ण अधिकाराने ते पद १९२३ साली विठ्ठल यांस मिळाले. त्या वेळी बाळूंचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते.