हळर्णचा मार्किश

पेडण्यातल्या हळर्ण गावी शापोऱ्याच्या काठावर जो किल्ला आहे, त्याचं नाव पोर्तुगालच्या एका सरदार घराण्यानं पदवी म्हणून मिरवलं. याचे कागद पुष्कळ आहेत. अडचण एवढीच, की तो जिंकण्याच्या मोहिमेचं वर्णन करणारे जवळपास सगळे जिंकणाऱ्याच्या बाजूचे.

हा किल्ला जिंकणारे दों पेद्रु मिगेल द आल्मैद जन्मले १६८८ साली. तरुणपणी स्पेनच्या वारसायुद्धात लढले. १७१७ ते १७२१ ब्राझीलच्या सोन्याच्या मुलखात गव्हर्नर होते. १७२० मधलं व्हिला रिकाचं बंड त्यांनी देहदंड देऊन आणि पुढाऱ्यांची घरं जाळून मोडलं. १७४४ मध्ये गोव्यात विजरई म्हणून आले ते 'कास्तेलु नोव्हू'चे मार्किश ही पदवी घेऊन. त्याआधी पाचच वर्षं वसई गेली होती, वाडीकर सावंत बार्देशात घुसले होते.

सावंतांचं हळर्ण पडलं ५ मे १७४६ रोजी. मृगाला जेमतेम महिना उरला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. डिचोली-साखळी त्याच मोहिमेतली. तेरेखोल खाडीच्या तोंडाचं तेरेखोल आणि पलीकडचं रेडी मात्र पाऊस सरल्यावर, वर्षअखेरीस. पावसाचं कारण कागद देवोत न देवोत, तारखाच ते सांगतात.

१७४७ मध्ये लिस्बनला मैरेलिश यांची या मोहिमेवरची पुस्तिका छापली गेली. जिंकलेली ठाणी तिच्या शीर्षकातच ओळीनं मांडली आहेत. रेडी तिथे 'रारी' झालं आहे. असल्या विजयवृत्तांतून ठाण्यांचा क्रम घ्यावा, शौर्याची वर्णनं बेतानं. पराभूत रामचंद्र सावंत आणि त्यांचे चुलते जयराम सावंत या छापील पानांत फक्त शत्रू म्हणून येतात. १७४८ मध्ये राजानं पदवीचं नाव बदललं: कास्तेलु नोव्हू जाऊन आलोर्न आलं. हळर्णचा पोर्तुगीज उच्चार तो.

माझा अधिक भरवसा मात्र १७५० च्या कागदावर. गोवा सोडताना त्यांनी नव्या विजरईसाठी, मार्किश द ताव्हर यांच्यासाठी, शेजारच्या सत्तांविषयी सविस्तर सूचनापत्र लिहिलं. विजयाची पुस्तिका लिस्बनकरांना खूश करायला. हे पत्र वाचणाऱ्याची गाठ उद्याच सावंतांशी आणि मराठ्यांशी पडायची होती. तिथे फुशारकी महागात पडली असती.

जिंकलेला मुलूख फार टिकला नाही. बरीचशी ठाणी सावंतांकडे परत गेली. डिचोली-सत्तरी १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचं पोर्तुगिजांकडे आलं. पदवी मात्र घराण्यात राहिली. दों पेद्रु १७५६ मध्ये वारले. राजाच्या खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपावरून ताव्हर पती-पत्नींना १७५९ मध्ये देहान्त शासन झालं. आलोर्नांची सून ताव्हरांचीच लेक. मुलगा कैदेत पडला, सून आणि नाती मठात. त्यांतली थोरली नात लिओनोर १७७७ पर्यंत मठातच वाढली आणि कविता लिहू लागली. पोर्तुगीज साहित्यात ती आजही ओळखली जाते ती 'मार्केझ द आलोर्न' म्हणूनच.