घाट आणि रेषीय मोटर

* रेषीय मोटर : नेहमीची गोल मोटर उभी चिरून सपाट पसरली, की ती फिरवण्याऐवजी सरळ ढकलते.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांत सहसा मोटर बॉलस्क्रू फिरवते, स्क्रू टेबल सरकवतो. रेषीय मोटरीत हा मधला दलालच नाही. म्हणून बॅकलॅशही (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) नाही. किंमत मात्र चढी.

रेल्वेतही हा फरक दिसतो. मुंबई-नाशिक मार्गावरच्या कसारा-इगतपुरी घाटात चढ ३७ला १. तिथे गाडीमागे ढकलायला बँकर इंजिने लागतात. कारण फिरत्या मोटरीचा जोर अखेर चाक-रुळाच्या पकडीपुरताच. उलट व्हँकुव्हरच्या स्कायट्रेन या शहरी रेल्वेच्या मूळ मार्गावर (१९८५) डब्याखालची रेषीय मोटर रुळांमधल्या धातूच्या पट्टीला थेट रेटते, चाके नुसता भार वाहतात. ओल्या रुळांचे भय कमी. पण मोटर व पट्टीतली फट वाढली की वीज वाया जाते, आणि धावत्या गाडीखाली ती फट अगदी बारीक ठेवणे सोपे नसते. — संपा.