दिनविशेष : २४ फेब्रुवारी
कामगार विमा योजनेचा प्रारंभ (१९५२)

बिबवेवाडीतील राज्य कामगार विमा रुग्णालय पुणेकर कामगारांच्या चांगल्या परिचयाचे आहे. हे रुग्णालय ज्या योजनेतून उभे राहिले, ती २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे एकाच वेळी सुरू झाली. कानपूरच्या समारंभात पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तिचे उद्घाटन केले.

या योजनेचा पाया स्वातंत्र्यापूर्वीच घातला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याचा आराखडा तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि १९४८ मध्ये कायदा झाला.

मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीवर ही योजना चालते. जुलै २०१९ पासून मालक वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कामगार ०.७५ टक्के रक्कम भरतो. त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतात. आजारपणात रजेवर असलेल्या पात्र कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, तर प्रसूतीसाठी २६ आठवड्यांचा लाभ आहे.

उपचार हा कामगाराचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. म्हणून पगारातून विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि कुटुंबीयांची नावे त्यात नोंदवा.