पंचेचाळिशीची सरसकट दुर्बीण

‘पंचेचाळिशी ओलांडली की प्रत्येकाने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घ्यावी’ हा सल्ला आता मोबाइलवरून खानदेशातल्या दोंडाईच्यातही पोचला आहे. पूर्वपक्ष कच्चा नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक-सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. शिवाय टाटा मेमोरियलमधल्या या कर्करोगाच्या सुमारे ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. मग आपण अमेरिकेच्याही आधी तपासायला नको का?

नको. रुग्णांचं सरासरी वय म्हणजे त्या वयातला धोका नव्हे. ज्या देशात तरुणच जास्त, तिथे रुग्णांतही तरुण जास्त दिसणार. रुग्णालयाच्या नोंदवहीत फक्त अंश असतो. छेद, म्हणजे त्या वयाची एकूण माणसं, गावात असतो. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तर मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचं भारतातलं प्रमाण वर्षाला लाखामागे पाचच्या आसपास आहे, अमेरिकेत त्याच्या साधारण पाचपट. पन्नाशीतल्या माणसासाठी आपला आकडा तिप्पट धरला, तरी पंधरा वर्षांत लाखामागे २२५ होतात, म्हणजे पाव टक्काही नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पंधरा वर्षांतला धोका ३ टक्क्यांच्या खाली असेल तर तपासणी न करण्याकडेच कल दिला होता.

नॉर्वे, पोलंड, स्वीडनमधल्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: कोलोनोस्कोपीचं बोलावणं गेलेल्यांत दहा वर्षांतला धोका १.२० वरून ०.९८ टक्क्यांवर उतरला. एक कर्करोग टाळायला ४५५ जणांना बोलवावं लागलं. बोलावलेल्यांपैकी निम्मेसुद्धा आले नाहीत, म्हणून फायदा कमी दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. पण ही गणितं जिथे रोग जास्त आहे तिथली. आपल्याकडे तो ४५५ चा आकडा फुगणार, आणि आतड्याला छिद्र पडण्याची किंवा रक्तस्रावाची जोखीम मात्र तेवढीच राहणार.

याचा अर्थ ‘आपण भाकरी खाणारे, आपल्याला हा रोग होत नाही’ असा कुणी काढला, तर तेही तितकंच चूक. खानदेशात शौचातून रक्त गेलं की पहिला आरोप मिरचीवर. घरात ठेचा, बाजारात लाल मिरचीचे ढीग. कारण हाताशीच असतं. ठेचा बंद होतो, मूळव्याधीचं औषध सुरू होतं आणि महिने जातात. तपासणाऱ्याने हातमोजा घालून गुदद्वारातून बोट फिरवलं, तर खालच्या भागातली गाठ पुष्कळदा तिथेच हाताला लागते. त्याला ना दुर्बीण लागते, ना आरोग्य-तपासणीचं पॅकेज. ते एक मिनिट लाजेपायी टळतं, रुग्णाच्या आणि (हे बोलायला हवं) डॉक्टरांच्याही.

धोक्याची गणितं तक्रार नसलेल्यांसाठी असतात. रक्त जातंय, शौचाची सवय बदलली आहे, वजन उतरतंय, कारणाविना रक्त कमी झालंय, अशा माणसाला टक्केवारी सांगत बसू नये. वय तिशीचं असलं तरी निदान करावं. आणि तक्रार नसलेल्यांत आधी घराणं विचारावं. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे अगोदर येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी करावी. लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असेल तर विशीतच सुरुवात होते.

तेव्हा पॅकेजचे पैसे भरण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: ‘पोटाच्या आजाराने’ गेलेले काका नेमके कशाने गेले, आणि तेव्हा त्यांचं वय काय होतं?