ड्यूकचे चाळीस दिवस

जुगलबंदी म्हटलं की आपल्याकडे काही गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. राग ठरलेला, ताल ठरलेला, षड्ज एक. भीमसेन जोशी आणि बालमुरलीकृष्ण एका मंचावर बसले, तेव्हासुद्धा हिंदुस्थानी आणि कर्नाटकी अशी दोन घरं असली तरी उंबरठा कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. जॅझमध्ये अशा भेटी होतात तेव्हा पुष्कळदा उंबरठ्याचाच पत्ता नसतो. कोणी किती वेळ वाजवायचं, ठेका कोणाचा, चाल कोणाची, इथपासून प्रश्न असतो. आणि दोघं वेगवेगळ्या पिढीचे, वेगवेगळ्या चालीचे असले तर बघायलाच नको!

रेकॉर्ड कंपन्यांना मात्र अशा जोड्या फार आवडत. कव्हरवर दोन मोठी नावं, दोघांचेही चाहते गिऱ्हाईक. त्यातल्या बऱ्याच तबकड्या ऐकून होतात आणि विसरल्याही जातात. पण १९६२ साली चाळीस दिवसांच्या आत एकाच माणसाने तीन अशा भेटी केल्या, आणि त्यातल्या दोन साठ वर्षांनंतरही शिळ्या झालेल्या नाहीत. तो माणूस ड्यूक एलिंग्टन.

घरच्या ज्या वाचकांना जॅझ म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांच्यासाठी थोडी ओळख. ड्यूकचा जन्म १८९९ चा. १९२७ पासून न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये त्याचा वाद्यवृंद वाजू लागला आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं, म्हणजे १९७४ साली तो जाईपर्यंत, तो वृंद त्याने मोडू दिला नाही. (हाच माणूस १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर आपला वृंद घेऊन भारतात आला आणि मुंबईतही वाजवून गेला, बरं का!) १९६२ मध्ये कोलंबिया कंपनीशी त्याचं नातं संपत आलं होतं आणि नवा करार व्हायचा होता. या मधल्या मोकळ्या वेळात त्याने वृंद बाजूला ठेवून स्वतः पियानोवर बसायचं ठरवलं.

पहिली भेट १८ ऑगस्टला, कोलमन हॉकिन्सशी. हॉकिन्स त्याच्याच पिढीतला, टेनर सॅक्सोफोनचा भीष्माचार्य. ती तबकडी छानच आहे, पण तिथे संकोच नव्हता. दोन जुने शेजारी गप्पा मारतात तसं ते वाजवणं. खरी गंमत पुढच्या महिन्यात झाली.

१७ सप्टेंबरला ड्यूकच्या समोर होते चार्ल्स मिंगस (बास) आणि मॅक्स रोच (ड्रम्स). दोघंही त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, दोघंही बीबॉपच्या वावटळीतून वर आलेले आणि दोघंही तापट. त्यातून मिंगस आणि ड्यूकचा जुना हिशेब होता. १९५३ मध्ये मिंगस थोडे दिवस ड्यूकच्या वृंदात होता. तिथे त्याचं हुआन टिझॉल या ट्रॉम्बोनवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं आणि ड्यूकने त्याला काढून टाकलं. ड्यूक सहसा कोणाला काढत नसे, त्यामुळे ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. मिंगस मात्र त्याला आयुष्यभर गुरुस्थानी मानत राहिला.

आता अशा तिघांना एका खोलीत कोंडल्यावर काय होणार? मध्येच मिंगस बास उचलून निघाला. ड्यूकने मागे जाऊन समजूत घालून त्याला परत आणला. रेकॉर्डिंग पुरं झालं आणि 'मनी जंगल' ही तबकडी तयार झाली. तिच्या शीर्षकगीतात मिंगस बासची तार अशी काही ओढतो की वाटतं, आता तुटेल. रोच मागून टोचत राहतो. आणि त्रेसष्ट वर्षांचा ड्यूक गोड-गोड वाजवून वेळ मारून नेत नाही. पियानोवर अक्षरशः हातोडे मारतो. पण त्याच तबकडीवर 'फ्लरेट आफ्रिकेन' आहे. अरण्यात उमललेलं, माणसाचा हात न लागलेलं फूल, अशी कल्पना ड्यूकने सांगितली होती. त्यावर मिंगसने बासवर जी थरथर काढली आहे ती कागदावर लिहून देता येण्यासारखी नाही. रोचने पुढे सांगितलं आहे की ड्यूक त्यांना चाल आणि सुरांचा ढाचा देई, आणि सोबत एखादं चित्र शब्दांत उभं करी. बाकी ज्याचं त्याने शोधायचं.

याच तबकडीवर 'कॅरॅव्हान' आहे. ही चाल मुळात कोणाची? त्याच हुआन टिझॉलची! ज्याच्याशी भांडून मिंगसची नोकरी गेली त्याचीच चाल मिंगस नऊ वर्षांनी त्याच मालकाबरोबर वाजवतोय. हे ड्यूकने मुद्दाम केलं की सहज झालं, देव जाणे. :-)

आणि बरोबर नऊ दिवसांनी, २६ सप्टेंबरला, जॉन कोल्ट्रेन.

कोल्ट्रेनने तीनच दिवसांपूर्वी छत्तिसावं वर्ष पूर्ण केलं होतं. तो रविशंकरांचा भक्त, पुढे मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. लांबच लांब, श्वास कोंडेपर्यंत चालणारी वादनं ही त्याची खासियत. आदल्या वर्षीच 'डाऊनबीट' मासिकात एका समीक्षकाने त्याच्या वाजवण्याला 'जॅझविरोधी' म्हटलं होतं. त्याच्या कंपनीचा निर्माता बॉब थील त्याला शांत, सुरेल गोष्टींकडे वळवू पाहत होता. म्हणजे या भेटीमागेही थोडा बाजार होताच.

मंडळी, या भेटीची तयारी पाहण्यासारखी आहे. दोघांनी आपापले बासवाले आणि ड्रमवाले आणले. ड्यूकचे आरन बेल आणि सॅम वुडयार्ड, कोल्ट्रेनचे जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स. कधी हे वाजवत, कधी ते. सगळ्यात गाजलेल्या 'इन अ सेंटिमेंटल मूड'मध्ये तर बास ड्यूकच्या माणसाचा आणि ड्रम्स कोल्ट्रेनच्या माणसाचे. मुलाकडचा एक, मुलीकडचा एक! ही चाल ड्यूकची, १९३५ ची. सुरुवातीला ड्यूक पियानोवर एक छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा वाजवतो, दिवा लावून ठेवावा तशी. मग कोल्ट्रेन येतो आणि चाल जवळजवळ सरळ वाजवतो. धबधबा नाही, पाऊस नाही. सव्वाचार मिनिटांत सगळं आटोपतं.

थीलने सांगितलेली आठवण अशी की, चाल एकदा वाजवून झाल्यावर ड्यूकने सुचवलं, आता त्याला पुन्हा वाजवायला लावू नका, तो स्वतःचीच नक्कल करेल. कोल्ट्रेनचा स्वभाव उलटा, एकेक चाल पुन्हा पुन्हा घासणारा. त्याने नंतर म्हटलं की सगळं पुन्हा करायला आवडलं असतं, पण मग तो ताजेपणा कदाचित राहिला नसता.

आणि 'टेक द कोल्ट्रेन' ऐका. ड्यूकने केलेला साधासा ब्लूज. सुरुवात करून देऊन ड्यूक पियानोवरून हात काढतो आणि कोल्ट्रेनला त्याच्याच माणसांबरोबर मोकळा सोडतो. घरच्या कार्यात यजमानाने पाहुण्याला पाटावर बसवून स्वतः बाजूला उभं राहावं, तसं.

यावरून कोणी म्हणेल, बघा, मोठ्याने मागे सरावं म्हणजे जमतं. पण मग 'मनी जंगल'चं काय? तिथे तर कोणीच इंचभर सरकलं नाही! मला वाटतं, गुपित ड्यूकच्या रोजच्या कामात आहे. तो ट्रम्पेटसाठी लिहीत नसे, कूटी विल्यम्ससाठी लिहीत असे. सॅक्सोफोनसाठी नाही, जॉनी हॉजेससाठी. (१९५४ मध्ये कोल्ट्रेन याच हॉजेसच्या छोट्या वृंदात वाजवत होता.) समोरचा माणूस कसा वाजवतो हे आधी ऐकायचं, मग त्याच्या मापाचं शिवायचं. पस्तीस वर्षं हेच केल्यावर मिंगसला भांडायला जागा हवी आणि कोल्ट्रेनला शांतता, हे त्याला एका दिवसात कळलं यात नवल नाही.

हे नेहमी जमतंच असं नाही. १७ एप्रिल १९७७ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी लू विल्यम्स आणि सेसिल टेलर दोन पियानोंवर बसले. मेरी लू बाई म्हणजे चालताबोलता इतिहास. १९४० च्या दशकात मंक, बड पॉवेल वगैरे तरुण पोरं त्यांच्या हार्लेममधल्या घरी पडीक असत, आणि ड्यूकसाठीही त्यांनी लिहिलं होतं. टेलर म्हणजे मुक्त जॅझमधलं वादळ. बोलावणं बाईंचं होतं. जॅझचा इतिहास ब्लूजपासून क्रमाने मांडायचा आणि टेलरने त्यात साथ करायची, असा त्यांचा बेत. टेलर आपल्याच वाटेने गेला. 'एम्ब्रेस्ड', म्हणजे आलिंगन, या नावाने ती तबकडी १९७८ मध्ये निघाली, पण ऐकताना आलिंगनापेक्षा दोन खोल्यांत दोन रेडिओ लागल्यासारखं वाटतं.

दोष कोणाचा? टेलरने ऐकलं नाही हे खरंच. पण बाईंच्या बेतात टेलरला जी जागा होती ती इतिहासाच्या एका टोकाची होती. टेलर कसा वाजवतो, यातून तो बेत निघाला नव्हता. ज्या बाईंनी मंकसारख्या विक्षिप्त पोराला घर उघडं ठेवलं त्यांच्याबाबतीत हे व्हावं, याचं मला वाईट वाटतं. तरीही त्यांच्या वयात, सदुसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, न पटणाऱ्या माणसाला स्वतःहून बोलवायला छाती लागते. किती जण ते करतात?

असो. लेख लांबला. ज्यांनी जॅझ कधीच ऐकलं नाही त्यांनी 'इन अ सेंटिमेंटल मूड'पासून सुरुवात करा, रात्री, जेवणं झाल्यावर. ते आवडलं तर 'फ्लरेट आफ्रिकेन' ऐका. 'मनी जंगल'चं शीर्षकगीत मात्र शेजारी जागे असताना लावा.