दमडीचे दान आणि धावणारे नगर

इतिहासाच्या व्यासपीठावरून शर्यतीविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. पण अलीकडे जुन्या शहरांतून धर्मार्थ अर्धमॅरेथॉन धावण्याची प्रथा पडली आहे. एकवीस किलोमीटर, म्हणजे सुमारे तेरा मैल धावायचे, त्यासाठी वर्गणी भरायची आणि जमलेला पैसा एखाद्या शाळेला, रुग्णालयाला किंवा अनाथ मुलांच्या संस्थेला द्यायचा, असा तिचा सर्वसाधारण प्रकार. जाणती माणसे यावर विचारतात, की पैसेच द्यायचे तर धावायचे कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या नगरच्या इतिहासात सापडण्यासारखे आहे.

प्रथम मॅरेथॉनचे पाहू. इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावत गेला, अशी कथा पुढे रूढ झाली. तिच्या स्मरणार्थ १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुरू झाली. गंमत अशी की २८ मे १४९० रोजी मलिक अहमदाने भिंगारजवळ बहामनी सैन्याला हरविले, आणि त्या विजयभूमीवरच आपले नगर वसले. दोन्ही लढायांच्या सनांत ४९० हा आकडा आहे. हा केवळ योगायोग, त्यातून काही सिद्ध करावयाचे नाही. पण अर्धमॅरेथॉनचे अंतर ध्यानात ठेवावयाचे असेल, तर आपल्या भुईकोट किल्ल्याला साधारण बारा प्रदक्षिणा घालाव्यात, म्हणजे झाले.

ही शर्यत परकी म्हणून तिच्याकडे पाठ फिरविण्याचेही कारण नाही. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी गडी अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले, आणि अशी माणसे ऑलिंपिकला धाडलीच पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी पदरचा पैसा घातला. १९२० साली अँटवर्पला बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. एकाचे पाय आणि दुसऱ्याची पुंजी असा तो संयोग होता.

दानासाठी धावण्याची कल्पना त्यानंतरची. १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स हा कर्करोगाने एक पाय गमावलेला तरुण कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन धावू लागला. त्या रोगावरील संशोधनासाठी देशातल्या प्रत्येक माणसाने एकेक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. धाव पुरी होण्याआधीच रोग उलटला आणि पुढच्या वर्षी तो वारला. पण त्याच्या मागण्यातले मर्म पाहा. त्याने धनिकांकडे लाखांची थैली मागितली नाही, सर्वांकडे थोडे थोडे मागितले.

हे मर्म नगरला नवे नाही. आपल्या किल्ल्याजवळची दमडी मशीद आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. दगडावरचे तिचे नाजूक कोरीवकाम प्रसिद्ध आहे. इतिहास सांगतो, की ती १५६७ च्या सुमारास साहिरखान नावाच्या सरदाराने बांधली. लोक मात्र वेगळेच सांगतात. हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात किल्ल्याचा दगडी तट उभारला, तेव्हा त्यावर राबणाऱ्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी काढून ही मशीद उभी केली, अशी आख्यायिका आहे. दमडी म्हणजे पैशाचाही लहानसा अंश. आख्यायिकेला पुरावा नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकाने स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही सरदाराचे नाव विसरून लोकांनी चार शतके दमडीचे नाव जपले, ही गोष्ट मात्र खरी. गाव कोणत्या दानाला आपले म्हणते, ते यावरून कळते.

दुसरी गोष्ट १५९६ ची. मुरादच्या मोगली फौजेने सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले. चांदबिबी स्वतः तेथे उभी राहिली, दिवसभर हल्ला थोपविला आणि रातोरात ते खिंडार बुजवून घेतले. तिचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. पण त्या रात्री अंधारातून दगडमाती वाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

तिसरी गोष्ट जिच्या नावाने २०२४ पासून हे शहर आणि जिल्हा ओळखला जातो तिची. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्यासाठी राज्याच्या तिजोरीत हात घातला नाही. तो खर्च त्यांच्या खासगीतून होई, आणि त्याचा हिशेब वेगळा राही. दानाइतकीच त्या हिशेबाचीही थोरवी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धावण्याने दगडसुद्धा हालत नाही, मग धावायचे कशाला? माझे उत्तर असे. घरबसल्या वर्गणी देणारा पावती खिशात घालतो आणि विसरतो. तेरा मैल घाम गाळून ज्याने आपली दमडी दिली, तो मात्र ती कोठे गेली, हे विचारल्यावाचून राहत नाही. धावणाऱ्यांच्या पायांतून गावाला असे शेकडो हिशेब विचारणारे लाभतात, आणि संस्थेला एका थैलीऐवजी शेकडो पाठीराखे मिळतात. पण जेथे वर्गणीचा मोठा भाग मंडप, सदरे आणि सत्कार यांतच संपतो, तेथे त्या धावेला व्यायाम म्हणावे; दान म्हणू नये.

म्हणून आपल्या गावात अशी धाव निघेल तेव्हा दोन गोष्टी आपण मागून घ्याव्यात. वर्गणी इतकी थोडी असावी, की हमालाच्या मुलालाही धावता यावे. आणि जमाखर्च शर्यतीनंतर महिन्याभरात सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी लावावा. एवढे झाले, तर किल्ल्याच्या तटाखालून धावणाऱ्या माणसाला, तो तट बांधणाऱ्या मजुरांचा वारसा सांगण्याचा अधिकार खुशाल आहे.